फोन बदलताना आयफोन की अँड्रॉइड? तुमचे अनुभव लिहा

माझा फोन ५ वर्षांचा झाला. मागची काच तडकलीय, ती चिकटपट्टीने धरून ठेवलीय. दुपारी तीनला बॅटरी १५ टक्क्यांवर येते. सुरक्षेचे अपडेट येणं तर कधीच बंद झालंय, त्यामुळे बँकेचं ॲप उघडताना जरा धाकधूक होते. थोडक्यात, आता चालढकल पुरे.

घरात दोन पक्ष आहेत. लेक म्हणते, "आई, एकदाच आयफोन घे आणि मोकळी हो." नवरा म्हणतो, तेवढ्या पैशात माझ्या फोनसारखे दोन येतील आणि वर मिक्सर. मी आजवर अँड्रॉइडवालीच. भारतात आयफोन पहिल्यांदा आला ऑगस्ट २००८मध्ये, ८ जीबीचा, ३१,००० रुपयांना. आमच्या ऑफिसात एका साहेबांनी घेतला होता आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही रांग लावून तो बोटाने सरकवून पाहिला होता. पुढे अँड्रॉइड १० हजारांत मिळायला लागला आणि प्रश्नच मिटला. आपल्याकडे शंभरातले नव्वदहून जास्त लोक तिथेच आहेत.

मेगापिक्सेल आणि प्रोसेसरची नावं नकोत, ती यूट्यूबवरची पोरं ओरडून सांगतातच. मला हे हवंय: इकडून तिकडे उडी मारल्यावर पहिल्या आठवड्यात काय अडलं? परत फिरावंसं कशामुळे वाटलं? बजेट ६० हजार, फार ताणलं तर ७०.

ठाणे

ताई, मी पोळी-भाजीचे डबे देते. ४२ गिऱ्हाइकं आणि सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. कोणाला मंगळवारी कांदा-लसूण चालत नाही, कोणाचा वॉचमन डबा वर नेऊ देत नाही, कोणाचे मागच्या महिन्याचे ३०० रुपये राहिलेत, सगळं त्या चॅटमध्ये.

भावाने भाऊबीजेला आयफोन दिला. मी हौसेने लगेच चालू केला. चेहरा ओळखवून झाला, गणपतीचा फोटो लावून झाला, मग व्हॉट्सॲप टाकलं. नंबर घातला, कोड आला, आत बघते तर रिकामं! अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवरचा आयक्लाउडवर. ह्याचं झाकण त्याच्या डब्याला बसत नाही. पोटात गोळा आला.

नशीब जुना फोन एक्स्चेंजला दिला नव्हता. त्यावर नंबर परत चालू केला तर चॅट होत्या तशा होत्या. मग भाच्याने सांगितलं की जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप टाकायचं आणि त्यात व्हॉट्सॲप निवडायचं. ही सोय २०२२पासून आहे. पण नवा फोन कोरा पाहिजे, अगदी पहिल्या 'हॅलो'च्या स्क्रीनवर! म्हणजे गणपतीसकट सगळं पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. दोन्ही फोन चार्जिंगला, एकाच वायफायवर. मध्येच दुसरं काही उघडायचं नाही. मला भीती वाटली की सवयीने हात जाईल, म्हणून दोन्ही देवापुढे ठेवले आणि कणीक मळायला घेतली. सव्वा तास लागला. चॅट आल्या, फोटो आले. कॉलची यादी येत नाही, ती जातेच.

तर, खोक्यातून काढल्यावर हात आवरा. आणि जुना फोन महिनाभर तरी कपाटात राहू दे.

डोंबिवली

पहिले १५ दिवस मी आयफोनच्या उजव्या कडेवरून बोट सरकवत होतो आणि ढिम्म काही होत नव्हतं. मागे जायला डावीकडून सरकवायचं, तेही प्रत्येक ॲपमध्ये चालेलच असं नाही. अँड्रॉइडला दोन्ही कडा चालतात. आता हात बसलाय, तर बायकोचा फोन घेतला की चुकतो.

निफाड

आमची द्राक्षबाग आहे. व्यापारी बाग बघून जातो, भाव फोनवर ठरतो, आणि तोडणीच्या दिवशी म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." माझ्या अँड्रॉइडमध्ये फोनच्या कंपनीचाच डायलर (कॉल लावायचं ॲप) आहे, त्यात कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. गेल्या हंगामात किलोमागे ४ रुपयांचा वाद झाला. मी बागेत उभ्याउभ्या त्याचाच आवाज त्याला ऐकवला. पाठीवर हात ठेवून हसला आणि ठरला तो भाव दिला.

पोराने स्वतःसाठी आयफोन घेतला. त्यातही ऑक्टोबर २०२४पासून रेकॉर्डिंग आलंय, पण बटण दाबलं की दोघांनाही ऐकू येतं की हा कॉल रेकॉर्ड होतोय. काही अँड्रॉइडमध्ये गूगलचा डायलर असतो, तोही असाच बोंबलतो. एवढं ऐकल्यावर कोण भाव सांगेल? "भाऊ, समक्षच बोलू" म्हणतो आणि ठेवतो. सांगून रेकॉर्ड करावं की न सांगता, हा वाद शहरातल्यांनी घालावा. मी नवीन फोन घेताना आधी दुकानदाराच्या फोनवरून स्वतःलाच कॉल लावून बघितला.

बाकी विहिरीवरच्या मोटरचा मोबाइल स्टार्टर कशावरूनही चालतो. साध्या बटणाच्या फोनवरूनसुद्धा.

सदाशिव पेठ, पुणे

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मित्राकडून जुना आयफोन स्वस्तात घेतला, खोलीवर जरा भाव वाढला. मग अर्जाची शेवटची तारीख आली. फोटो आणि सही अपलोड करायची तर संकेतस्थळ फोटोच घेईना. नुसतं 'अवैध फाइल'. रात्रीचे साडेदहा, बाराला खिडकी बंद. मला वाटलं फोटो मोठा आहे, म्हणून तीनदा कापला. चौथ्यांदा फाइलचं नाव नीट वाचलं, शेवटी 'जेपीजी' नव्हतंच, 'एचईआयसी' होतं. आयफोनचा कॅमेरा जागा वाचवायला २०१७पासून ह्या प्रकारात फोटो साठवतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच अर्जांना तो कळत नाही.

सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. बस्स. मग खोलीच्या पांढऱ्या भिंतीपुढे, पंखा बंद करून (केस उडत होते) नवीन फोटो काढला. ११ वाजून ४० मिनिटांनी अर्ज गेला. त्या फोटोत मी इतका घाबरलेला दिसतो की ओळखपत्र बघून पर्यवेक्षक दोनदा वर बघतात.

कोल्हापूर

आमच्या वडिलांची एकच अट होती. फोन वाजला की अभंग वाजला पाहिजे. अँड्रॉइडवर अर्ध्या मिनिटाचं काम. आयफोनवर त्यासाठी गॅरेजबँड नावाच्या संगीताच्या ॲपमधून द्राविडी प्राणायाम करावा लागायचा. २०२५च्या आवृत्तीत ते सोपं झालंय, छोटा तुकडा असेल तर थेट लावता येतो. तोपर्यंत अण्णा परत जुन्या फोनवर गेलेसुद्धा.

न्यू जर्सी (मूळ सांगली)

माझी चूक लिहितो, दुसऱ्या कोणी करू नये म्हणून. सुट्टीवर येताना आई-बाबांसाठी इथून आयफोन १५ आणला. बाबांनी आपलं सिम कार्ड काढून हातात धरलं, टाचणीही शोधली, आणि म्हणाले, "भोक कुठाय?" भोक नव्हतंच. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला कार्डाचा ट्रे नसतो, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, कार्डाशिवायच्या सिमवर. मी हे इथे रोज वापरतो, तरी डोक्यात आलं नाही.

बाबांचा नंबर ई-सिमवर नेला. मेसेज पाठवा, कोड घ्या, थांबा, अर्ध्या दिवसात जमलं. खरी गोची मी परत आल्यावर झाली. फोन जिन्यावरून पडला, स्क्रीन काळा. बाबा सवयीने म्हणाले, कार्ड काढून जुन्या फोनात घालतो. कुठलं कार्ड? चार दिवस बँकेचा एकही ओटीपी नाही. ओळखपत्र घेऊन दुकानात जाऊन नवीन कार्ड काढलं तेव्हा गाडी रुळावर आली. सध्या तो आयफोन आईकडे आहे, वायफायवर नातवाला बघायला. बाबांनी बाजारातून ट्रेवाला फोन आणला. घेताना दुकानदाराला म्हणाले, "आधी भोक दाखवा."

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

भारतात व्हॉट्सॲप असल्यामुळे तुम्हाला हे दुखणं माहीत नाही. इथे शाळेतली मुलं आयफोनच्या मेसेजवर बोलतात, आणि गटात एक जरी अँड्रॉइडवाला असला तर आयफोनवाल्यांना आपण पाठवलेले मेसेज निळे न दिसता हिरवे दिसतात. माझी मुलगी दोन वर्षं 'ती हिरवी' होती. २०२४मध्ये आयफोनने आरसीएस (साध्या एसएमएसची सुधारित पद्धत) घेतलं, त्यामुळे फोटो तरी आता नीट जातात. रंग हिरवाच राहिला. तेराव्या वर्षाला आयफोन दिला. तत्त्व वगैरे मी सोडून दिलं.

मुंबई

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि बँकेत नोकरी करतो. आमच्यात ह्या विषयावर तुमच्यापेक्षा जोरात भांडणं होतात.

२००९मध्ये आयफोन थ्रीजीएसबरोबर व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक. दोन्ही स्क्रीनवरचं वाचून दाखवतात. पण आयफोन कुठलाही घ्या, व्हॉइसओव्हरच्या बोटांच्या खुणा त्याच. अँड्रॉइडमध्ये दर कंपनीचं घर वेगळं. मी कंपनी बदलली तेव्हा सेटिंग्जची जागा बदलली, फोन उचलायची खूण बदलली. डोळे असणाऱ्याला दोन मिनिटं लागतात, मला घरातलं फर्निचर कोणीतरी हलवल्यासारखं होतं. म्हणून २०१९ला आयफोनवर आलो.

तक्रार होती ती मराठीची. सुरुवातीला हिंदी आवाजच मराठी वाचायचा आणि 'बाळ'चं 'बाल' करायचा. आता मराठी आवाज आहे. रिझर्व्ह बँकेचं नोटा ओळखणारं 'मनी' ॲप २०२०पासून दोन्हीकडे आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. भाजीवाल्यापुढे ते धरतो तेव्हा भाजीवालाही गप्प होऊन ऐकतो.

मात्र माझ्या ओळखीतल्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे अँड्रॉइड आहे, कारण शिष्यवृत्तीच्या पैशात तेच बसतं, आणि शिकवणारा सीनियरही तेच वापरतो. तो शेजारी बसून शिकवतो हे फार मोठं आहे. आयफोन घेतल्यावर पहिले दोन महिने मला शिकवायला कोणी नव्हतं.

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

मुद्रितशोधक म्हणून विचारते, कळफलक कोणी तपासतं का? 'ऱ' नीट मिळत नसेल तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि मग लोकांना तेच बरोबर वाटायला लागतं. आमच्याकडे मुंजीच्या आदल्या दिवशी मी भावाला मेसेज केला, आचाऱ्यांना ५ हजार देऊन टाक. फोनने घाईत 'आचार्यांना' केलं. भावाने पाकीट गुरुजींच्या हातात ठेवलं. गुरुजींनी आशीर्वाद दिला. संध्याकाळी आचारी दारात!

दुकानात फोन हातात घ्याल तेव्हा मराठी कळफलक चालू करून 'आचाऱ्यांना' आणि 'ॲप' टाइप करून बघा. गूगलचा कळफलक आयफोनवरही टाकता येतो, मी तोच वापरते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटतं.

अमरावती

मी विंडोज फोनवाला. मायक्रोसॉफ्टने आमचे अपडेट बंद केले आणि ३१ डिसेंबर २०१९ला व्हॉट्सॲपही बंद झालं. दोन्ही पक्षांना शुभेच्छा.

कोथरूड, पुणे (सुरुवात करणारी)

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. निफाडच्या दादांचं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो म्हणाला, "बघ!" मग मुंबईच्या दादांनी लिहिलेलं शेजारी बसून शिकवण्याचं वाचलं आणि मी घरात मोजणी केली. नवऱ्याला स्वतःच्या फोनमधलंही काही येत नाही, तो मलाच विचारतो. माझं अडलं की मी लेकीकडे जाते किंवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे. दोघींकडे आयफोन आहे. लेक अजून चार वर्षं घरी आहे.

काल घेतला. बिल ७० हजारांना टेकलं, नवऱ्याने मिक्सरचा विषय काढला नाही. ट्रे आहे, आधी भोक बघितलं. दुकानात 'आचाऱ्यांना' टाइप केलं, काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, केटरिंग आहे का तुमचं?"

घरी आल्यावर मी हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात लेकीने खोकं उघडून फोन चालू केलेला. बाथरूममधूनच ओरडले, "थांब, पुढे दाबू नकोस!" ती 'हॅलो'वरच होती. ठाण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही चार्जिंगला लावून देवापुढे ठेवलेत. २० मिनिटं झालीत. सासूबाई दिवा लावायला आल्या आणि विचारतायत, ह्यांना हळद-कुंकू लावायचंय का?