अनुभव: आमची गल्ली, आमची माणसं

आज माळा आवरताना आईची वही सापडली. कव्हरला पिवळं पडलेलं वर्तमानपत्र. आत घर नंबर आणि पुढे रु. १०, रु. १०, 'उद्या या', रु. १०. घाटकोपरच्या आमच्या गल्लीतल्या एएलएमचा, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट' योजनेतल्या रहिवाशांच्या कमिटीचा हिशेब. झाडू बाजूला ठेवून तासभर तिथेच वाचत बसले.

मुंबई महापालिकेनं १९९७ मध्ये ही योजना आणली. गल्लीतल्या लोकांनी आपली आपण कमिटी करायची, ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत गल्लीतच करायचं, गटार-दिव्यांच्या तक्रारी एकत्र वॉर्ड ऑफिसात न्यायच्या. पगार कुणालाच नाही. आई दुपारची जेवणं उरकली की दारोदार जायची. सुरुवातीला नुसता डबा उघडून बघायची, कुणाला बोलली नाही. सालपटांत प्लास्टिकची पिशवी दिसली की त्या घरच्या बाईसमोरच स्वतःच्या हाताने काढायची. तिसऱ्या खेपेला ती बाई आधीच पिशवी वेगळी करून उभी असायची.

एका पानावर आईच्या अक्षरात 'खड्डा २ वास येतो. पाला आणणे.' खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात 'आणला.' हे कुणाचं अक्षर, ते सांगायला आता आई नाही.

तुमच्या गल्लीत, वाड्यात, कॉलनीत असं कुणी होतं का? लिहा ना.

कृष्णाकाठ
सांगली. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्याकडं मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक होतं, त्यावरनं पोरांनी घरांची यादी काढली. कुठं म्हातारी माणसं एकटी आहेत ते त्यांना तोंडपाठ. पाणी उतरल्यावर खरं काम सुरू झालं. चिखल वाळायच्या आत काढावा लागतो, नाहीतर फरशीवरनं निघता निघत नाही. एकेका घराला आठ-दहा जणं, आधी ज्यांच्याकडं माणूसबळ नाही त्यांची घरं, स्वतःची शेवटी. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा यादीत औषधंपण लिहिलेली होती, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे तेसुद्धा.

मोगरा
वाचून डोळ्यात पाणी आलं. 'आणला' 🙏 कुकर लावलाय, नंतर लिहिते

पेठेतली
पुण्यात 'स्वच्छ' आहे, कचरावेचकांचीच सहकारी संस्था, २००८ पासूनची. आमच्या बिल्डिंगला येणाऱ्या ताईंनी मला सांगितलं, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागत नाही. मीटिंगमध्ये हे बोलायला उभी राहिले तर निम्मे लोक जमिनीकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी लाल मार्करचं अख्खं पाकीट आणून लिफ्टपाशी दोरीला बांधलं. ८१ वर्षांचे होते तेव्हा.

मोगरा
सासरे 👏👏👏

चेंबूरकर
जाने. २०१६ ला देवनारच्या डम्पिंगला आग लागली. खिडक्या लावूनही घरात धूर, लेकीला दमा. आपल्याच घरचं उष्टं तिथे जळतंय हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाल्कनीत भोकं पाडलेलं पिंप ठेवलं, मग मजल्यावरच्या तीन घरांनी ठेवलं. आता आमचं खत खाली बागेला जातं.

साधीसुधी
आमच्याकडे चार वर्षं छान चाललं होतं. मग कमिटी बदलली आणि खताचे खड्डे बुजवून दोन गाड्यांची जागा केली. विचारलंसुद्धा नाही. अजून तिथून जाताना मी पलीकडच्या बाजूने जाते.

पेठेतली
अगं किती वाईट. गच्चीवर परवानगी मिळेल का बघ, क्रेटमध्येपण होतं.

नवशिक्या
चेंबूरकर, पिंपात अळ्या झाल्यात!! बायको म्हणतेय आजच्या आज फेकून द्या

चेंबूरकर
फेकू नका हो. जाड, भुऱ्या-तपकिरी असतील तर त्या ओलं भराभर संपवतात, चावत नाहीत. वास येत असेल तर ओलं जास्त झालंय. सुका पाला नाहीतर नारळाच्या शेंड्या घाला, ढवळा, दोन दिवस झाकण किलकिलं ठेवा. वहिनींना म्हणावं आठवडाभर थांबा.

कृष्णाकाठ
आंबट ताक शिंपडा, आमची आजी तेच करायची. विरजणच ते.

नवशिक्या
किती आंबट? चार दिवसांचं चालेल?

मोगरा
पळेल 😄 आमच्या खतात कोयी टाकल्या होत्या, चार रोपं आलीत. कमिटीतल्या काकांनी एकेकाला जुन्या डब्यात लावून जिन्यात ठेवलंय. कुणाला हवीत का? दादर, संध्याकाळी सातनंतर.

धागाकर्ती
मला एक ठेवा. आईचा खड्डा २ जिथे होता तिथे अजून थोडी माती मोकळी आहे. हापूस की रायवळ?

मोगरा
रायवळ. डब्यावर तुमचं नाव लिहून ठेवते.