अनुभव धागा : तुमचा आल्फ्रेड कुणाच्या आवाजात बोलतो?

परवा ‘केप्ड क्रुसेडर’ (२०२४) ही बॅटमॅनची ॲनिमेशन मालिका पाहिली. त्यात ब्रूस (म्हणजेच बॅटमॅन) त्याला लहानपणापासून सांभाळणाऱ्या घरच्या बटलरला, आल्फ्रेडला, नुसतं आडनावानं ‘पेनीवर्थ’ म्हणतो आणि जेसन वॉटकिन्सचा आल्फ्रेड ते निमूट ऐकून घेतो. मला ते इतकं लागलं की लगेच १९९२ ची जुनी बॅटमॅन ॲनिमेशन मालिका लावली. त्यातल्या आल्फ्रेडचा, म्हणजे एफ्रेम झिम्बालिस्ट ज्युनिअरचा आवाज कानावर पडला आणि जीव भांड्यात पडला. तुमचा आल्फ्रेड कोण? नुसतं नाव नको, कुठे, कसा ऐकलात तेही लिहा.

▪ माझाही झिम्बालिस्टच. ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ या ॲनिमेशन सिनेमात (१९९३) ब्रूस पहिल्यांदा मुखवटा चढवतो. आल्फ्रेडच्या तोंडून दोनच शब्द निघतात, ‘माय गॉड’. लहानाचा मोठा केलेला पोरगा आता हाती राहिला नाही, हे त्यात कळतं. शेजारी बाबा पेपर वाचत होते. इंग्रजी त्यांना फारसं यायचं नाही. पेपर खाली ठेवून म्हणाले, “काय झालं रे त्या म्हाताऱ्याला?”

▪ त्याच १९९२ च्या मालिकेतल्या ‘नथिंग टु फिअर’ या भागात आल्फ्रेड ब्रूसला म्हणतो, तुझ्या वडिलांना तुझा अभिमान वाटला असता, कारण मला वाटतो. तो आवाज झिम्बालिस्टचा नाही बरं का! सुरुवातीच्या तीन भागांत क्लाइव्ह रेव्हिल होते. मला हे फार उशिरा कळलं.
मी नववीत असताना वडील गेले, काकांनी वाढवलं. असं काही बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हॉस्टेलवर हा भाग पाहिला त्या रात्री त्यांना फोन लावला. जेवलात का, एवढंच विचारता आलं. “जेवलो. तू?” म्हणाले.

▪ व्हिडिओ गेमवाले कुणीच नाही? मार्टिन जार्विस! ‘अरखम सिटी’ या गेममध्ये (२०११) बॅटमॅन त्याच्या प्रेयसीच्या, तालियाच्या मागे निघतो, तेव्हा आधी शहर वाचवा म्हणून आल्फ्रेड कानातल्या यंत्रावरून विनवतो. ‘अरखम ओरिजिन्स’मध्ये (२०१३) तर बेन या खलनायकाच्या हल्ल्यानंतर विजेचा शॉक देणाऱ्या हातमोज्यांनी आल्फ्रेडचं हृदय पुन्हा चालू करावं लागतं. बटण दाबताना माझे हात कापत होते. पुढच्या ‘अरखम नाइट’ गेमला आल्फ्रेडच्या आवाजासाठी ह्यू फ्रेझर आले. ते उत्तमच, पण मला सवय व्हायला वेळ लागला.

▪ फ्रेझर म्हणजे ‘प्वारो’ या गुप्तहेर मालिकेतले, प्वारोचे मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज! मला तर लगेच आपले वाटले.

▪ ॲलिस्टर डंकन. ‘द बॅटमॅन’ ही ॲनिमेशन मालिका (२००४-०८). शाळेतून आलं की दप्तर फेकून तेच. नंतर ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममधलं मिमीर नावाचं पात्र बोलायला लागलं आणि मी ओळखलं, हा तर आमचा आल्फ्रेड.

▪ मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे माझा बॅटमॅन पहिल्यापासून आवाजांचाच. बीबीसीच्या १९८९ च्या रेडिओ नाटकात मायकल गॉफ आल्फ्रेड होते. त्याच वर्षीच्या सिनेमातही तेच. त्यांच्या बोलण्यात घरातल्या जुन्या माणसाचा सावकाशपणा आहे.
तरी पहिला मान झिम्बालिस्टना. लहानपणी टीव्हीवर मालिका लागली की आई पडद्यावरचं सगळं मला सांगत बसायची : आता उडी मारली, आता धूर झाला, आता गाडी निघाली. आल्फ्रेड बोलू लागला की मात्र ती गप्प राहायची.