पॉलीहाऊसमधली शेवंती गुडघ्याखालीच कळीला आली

सासवडकर:
राम राम मंडळी. दहा गुंठ्यांच्या पॉलीहाऊसात नोव्हेंबरअखेर पांढरी शेवंती लावली. बाजाराला अडीच फुटांची काडी लागते, आणि माझी रोपं गुडघ्याखालीच कळ्या धरून बसलीत. लाईट आहेत. दिवस मावळला की संध्याकाळी सहापासून आठपर्यंत बल्ब चालू असतात. काय चुकतंय? युरिया सोडू का?

हिरवा_कोपरा:
नत्र कमी पडलंय दादा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) वाढवा, शेंडा उचलेल.

मावळातली_ताई:
नत्राचा काही संबंध नाही. शेंड्यावर कळी बसली म्हणजे ती काडी तिथंच संपली. खतानं पानं काळीभोर होतील, उंची वाढायची नाही.

शेवंतीचा हिशोब अंधाराचा असतो, तोही सलग अंधाराचा. साधारण दहा तासांच्या वर सलग काळोख मिळाला की ती शाकीय वाढ, म्हणजे पानं-काडीची वाढ, सोडून फुलावर येते. जातीप्रमाणे थोडं इकडंतिकडं. आता तुमचं गणित मांडा. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाला मावळतो, सातला उगवतो. बल्ब आठला बंद. पुढं अकरा तास ठार अंधार! झाडाच्या लेखी थंडी आली, फुलायचं.

तेच दोन तास मध्यरात्री लावले असते, अकरा ते एक, तर रात्र पाच आणि सहा तासांत तुटली असती. वीजबिल तेवढंच. मी हिवाळ्यात दहा ते दोन लावते, कारण ढगाळ दिवस आणि गेलेली लाईट यांना थोडी सूट ठेवलेली बरी. (सोयाबीनही याच जातकुळीतलं. रस्त्याच्या दिव्याखालच्या ओळी हिरव्याच राहतात, बाकी रान काढणीला येतं. गांजाचंही तसंच, म्हणून परदेशात परवान्यानं घरात लावणारे आधी अठरा तास उजेड देतात आणि फुलासाठी बारावर आणतात.)

प्रकाश फार लागत नाही, शेंड्याच्या उंचीला १०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुरे. पण तो दोन बल्बांच्या मध्ये आणि कडेच्या बेडवर मोजा. मोबाईलमध्ये लक्स मीटरचं ॲप मिळतं, अंदाजाला चालतं. कडेच्या ओळी आधी कळीला आल्या असतील तर तिथं उजेड पोचत नाही. पिवळसर एलईडी घ्या. झाड रात्रीचा उजेड ओळखतं ते मुख्यतः त्यातल्या लाल भागावरून, आणि निळसर पांढऱ्या बल्बात तो कमी.

आणखी एक. डायलचा टायमर असेल तर लाईट गेली की तोही थांबतो आणि मागं पडतो. तुमचे अकरा पहाटेचे दोन कधी झाले ते कळतही नाही. बॅटरीवाला डिजिटल घ्या.

सासवडकर:
ताई, कडेचेच बेड आधी आले होते! आता आहे त्या रोपांचं काय करू?

मावळातली_ताई:
कळी मुगाएवढीच असेल तर शेंडा कळीसकट खुडा, खाली पाच-सहा चांगली पानं ठेवून. आज रात्रीपासून मध्यरात्रीचा उजेड सुरू. बगलफूट निघेल, त्यातल्या दोन-तीन ठेवा. ही बगलफूट एक फूट लांब झाली की लाईट बंद, मग बहुतेक जाती आठ-नऊ आठवड्यांत फुलतात. उरलेली उंची ती त्या काळातच घेते. कळी दिसल्यावर नत्र आखडतं घ्या आणि १३:०:४५ कडे (पालाश जास्त असलेल्या खताकडे) वळा. ज्या रोपांच्या कळ्यांना रंग आलाय त्यांना हात लावू नका, सुटं फूल म्हणून विका.

गच्चीवरची_बाग:
मग मे-जूनमध्ये उलटं करावं लागतं का? काळं कापड?

मावळातली_ताई:
हो. पुण्याकडं जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, वर संधिप्रकाश. काही जाती त्यातही कळी धरतात, काही अडून बसतात. त्यांच्यावर संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळं कापड, फट न ठेवता. पण उन्हं असताना ओढलं तर आत भट्टी होते आणि उष्णतेनं कळी रखडते. मी मेमध्ये सातला ओढते, सकाळी आठला काढते.

सासवडकर:
आमच्याकडं शेतीपंपाची लाईट आठवड्यानं दिवस-रात्र बदलते. बल्ब त्यावरच आहेत.

मावळातली_ताई:
मग तेच आधी सोडवा. बल्ब घरच्या सिंगल फेजवर घ्या, एलईडीला भार कितीसा लागतो. शेंडे त्यानंतर खुडा.