मदत हवी आहे : शाळेतील टॅबची जबाबदारी मुलांकडे कशी द्यावी?

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा असून पहिली ते चौथीचे ३१ विद्यार्थी आहेत. यंदा शालेय मंत्रिमंडळात आम्ही तंत्रज्ञानमंत्री हे पद नव्याने ठेवले असून, टॅब मोजून कपाटात ठेवणे, चार्जिंगची नोंद वहीत करणे आणि बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवरील पाठ लहानांना लावून देणे ही कामे चौथीच्या दोन मुली सांभाळतात. त्यांपैकी एक वर्गात फारशी बोलत नसे. आता पहिलीच्या मुलाचे बोट धरून ‘चौकटीत नीट धर, हलवू नकोस’ असे ती समजावते, हे पाहून फार समाधान वाटते. विजेच्या बोर्डाला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

गेल्या आठवड्यात या दोघींपैकी दुसऱ्या मुलीच्या हातून टॅब पडून काच तडकली आणि भरपाईच्या भीतीने ती दोन दिवस शाळेतच आली नाही. अशा वेळी मूल खचू नये आणि पालकही धास्तावू नयेत, यासाठी जबाबदारी सोपवतानाच पालकसभेत नेमके काय सांगावे? दुसरी-तिसरीच्या मुलांना कोणती कामे झेपतात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.