मिंट टाकलं, पण वायफाय कुठेच दिसत नाही

पडवी_वेळणेश्वर

नमस्कार. आमचं वेळणेश्वरला (ता. गुहागर) घरगुती राहण्याजेवण्याचं आहे. बुकिंग, बिलं, यजमानांचा बागेचा हिशेब, सगळं एकाच लॅपटॉपवर. लॅपटॉप २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय३, रॅम ४ जीबी. मध्यंतरी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली, त्यामुळे अजून ठणठणीत चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि ११ या मशीनवर चढत नाही. चिपळुणात दाखवला तर दुकानदार बघायच्या आधीच म्हणाला, ताई नवीन घ्या. तेवढे पैसे हातात आले तर मी आधी पावसापूर्वी कौलं परतून घेईन.

शिमग्याला भाचा आला होता. पालखी घरून गेल्यावर रात्री बसला आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट २२ (एक्सएफसीई) ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. सकाळच्या गाडीने पुण्याला गेलासुद्धा. आता फोन केला की "आत्या, मीटिंगमध्ये आहे."

मुख्य अडचण: मिंटमध्ये वायफाय नाही. म्हणजे जोडलं जात नाही असं नव्हे, नेटवर्कच्या यादीत वायफाय हा प्रकारच नाही. विंडोजमध्ये शिरलं की तेच वायफाय नीट चालतं. राऊटर शेजारी दिरांच्या घरात आहे, लॅनची वायर पोचत नाही. मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीपाशी, त्यामुळे हॉटस्पॉट लावा असं सांगू नका.

बारीकसारीक तक्रारी: विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, फोटो दिसतात, पण काही सेव्ह होत नाही. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, मिंट म्हणतं छापलं, कागद जागचा हलत नाही. आणि मराठी टाइप कसं करायचं?

विंडोज काढून टाका असंही कृपया सांगू नका. बागेचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते तिथेच चालतं. यजमान मला घराबाहेर काढतील पण ते सॉफ्टवेअर काढू देणार नाहीत. आंबा तोंडावर आलाय.

डोंबिवली_रूट

काकू, मिंट जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर असतं. फेडोरा हे दुसरं लिनक्स टाका, नवीन कर्नल येतो, वायफाय आपोआप चालेल. नाहीतर बाजारात यूएसबी वायफाय डोंगल मिळतं, ते लावून मोकळ्या व्हा.

तात्या_तारकर्ली

रूटभाऊ, कार्ड कुठलं ते न विचारताच फेडोरा? ताईंनी एवढं नीट लिहिलंय, वाचा तरी. आणि डोंगलमध्येही चिप असतेच. कुठली निघेल ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

ताई, विंडोजमध्ये चालतं हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी पहिल्यांदा पाठचं झाकण उघडायला लावलं असतं. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये खाऱ्या वाऱ्याने कार्डाच्या टोकांवर हिरवं चढतं, ते खोडरबरने पुसलं की निम्मी दुखणी जातात. तुमचं ते नाही. कार्ड जिवंत आहे, मिंटला त्याच्याशी बोलता येत नाही एवढंच.

आता मशीनलाच विचारूया. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि लिहा: एलएसपीसीआय -एनएनके. (मी उच्चार लिहितोय, तुम्ही रोमनमध्ये, सगळी अक्षरं लहान लिपीत.) लांबलचक यादी येईल. त्यात "नेटवर्क कंट्रोलर" असं कुठे आहे ते बघा आणि त्याच्या खालच्या दोनतीन ओळींसकट इथे उतरवा. चौकोनी कंसातला आकडा सोडू नका, नाव बदलतं, आकडा खोटं बोलत नाही.

लॅपटॉपची कंपनी सांगू नका, तिचा उपयोग नाही. एकाच मॉडेलमध्ये तीन तऱ्हेची वायफाय कार्डं निघालेली मी स्वतः बघितली आहेत.

पडवी_वेळणेश्वर

मिळालं. नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, कंसात १४ई४:४३६५. खाली लिहिलंय, कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज. म्हणजे ड्रायव्हर आहे ना? मग चालत का नाही?

तात्या_तारकर्ली

तिथेच सगळे फसतात. बीसीएमए हा नुसता साकव. कार्ड आणि कर्नल यांच्यामध्ये तो पडलेला आहे, पण पलीकडून चालत येणारं कोणी नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणि या चिपसाठी कर्नलमधल्या मुक्त ड्रायव्हरपैकी कोणताच लागू पडत नाही. जो चालतो त्याचं नाव डब्ल्यूएल. तो कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर आहे, परवान्यामुळे कर्नलमध्ये घालता येत नाही, म्हणून वेगळा आणावा लागतो. फेडोरावरही हेच, तिथे तो आरपीएम फ्यूजन नावाच्या बाहेरच्या भांडारातून आणतात. चिपमध्ये खोट काही नाही.

आता नेट नसताना ड्रायव्हर कसा आणायचा? फोन लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते वायरचं नेट वाटतं, ड्रायव्हर लागत नाही. रेंजची काळजी नको. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवा, मोबाइल डेटा बंद. बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायचंच नेट केबलमधून पुढे देतात. हॉटस्पॉटपेक्षा हे वेगळं आहे, म्हणून तुमची अट मी मोडलेली नाही.

टेदरिंगचं बटण फिकं दिसलं आणि दाबलं जात नसेल तर केबल बदला. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

मग मेनूमधून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमची ओळ दिसेल, ती निवडा, लावा. हे करताना लॅपटॉपची बॅटरी दम धरते का ते बघून ठेवा. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर बांधला जातो, मध्येच लाईट गेली तर काम अर्धवट राहतं. गेलीच तर घाबरायचं नाही, परत चालू करून सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए असं द्यायचं, राहिलेलं पुरं करतं.

दापोली_मास्तर

तात्यांना जोड: भाच्याने वापरलेला पेनड्राइव्ह पुसला नसेल तर तोही चालेल. नेट नसेल तर ड्रायव्हर मॅनेजर तो पेनड्राइव्ह लावायला सांगतो, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्यावर असतो.

पडवी_वेळणेश्वर

पेनड्राइव्ह तो घेऊन गेला, त्याच्यावर त्याचे सिनेमे असतात.

केबलचं जमलं! पहिली केबल चार्जिंगचीच निघाली, एका पाहुण्यांकडून दुसरी मागून घेतली. ड्रायव्हर लागला. मध्ये एक पासवर्ड मागितला, दोनदा, तो दिला. रीस्टार्ट केलं. निळा पडदा येऊन गेला, तेवढ्यात खालून हाक आली, सोलकढी संपली म्हणून. परत आले तर मिंट नेहमीसारखं उघडलेलं. वायफाय नाहीच. भाच्याला विचारलं, त्याने सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल (ड्रायव्हर हाताने चढवायची आज्ञा) करून बघायला सांगितलं. तिथे उत्तर आलं: "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस."

डोंबिवली_रूट

सिक्युअर बूट! बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बंद करा, दोन मिनिटांचं काम. (आणि फेडोराचं मागे घेतो, तात्या.)

तात्या_तारकर्ली

आता मुद्द्याचं बोललात. सिक्युअर बूटच आहे. पण बंद करायच्या आधी थांबा. विंडोज तिथे राहणार आहे. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि सिक्युअर बूट बदललं, तर विंडोज उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की कुठे आहे हे यजमानांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. जुन्या मशीनवर बिटलॉकर नसण्याचीच शक्यता जास्त, तरी हंगामाच्या तोंडावर हा जुगार कशाला?

त्यापेक्षा तो निळा पडदा परत बोलावूया. सोलकढीच्या वेळी जो येऊन गेला तोच. सिक्युअर बूट म्हणतं, ज्याच्यावर ओळखीची सही आहे तेच मॉड्यूल मी कर्नलमध्ये घेईन. डब्ल्यूएल तुमच्या मशीनवर बांधला गेला, त्यावर सही तुमच्याच मशीनने केली. ती सही खरी मानायची की नाही, हे मशीनसमोर बसलेल्या माणसाने एकदा सांगावं लागतं. त्यासाठी तो पडदा. दहा सेकंद वाट बघतो, कोणी कळ दाबली नाही तर गुपचूप पुढे जातो.

टर्मिनलमध्ये: सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर. यातलं फाइलचं एमओके मोठ्या लिपीत, त्याच्या आधीचं फोल्डरचं मोक लहान. लिनक्सला तो फरक कळतो. पासवर्ड विचारेल. नुसते आकडे द्या, आठ आकडे पुरेत, कागदावर लिहून ठेवा. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे, एकदाच लागतो. मग रीस्टार्ट करा आणि जागेवरून उठू नका. पाहुणे उपाशी राहिले तरी चालतील. पडदा आला की कुठलीही कळ, एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, ते आठ आकडे, रीबूट.

पडवी_वेळणेश्वर

आलं!! वरती वायफायची खूण आली, दिरांचं नेट दिसलं, जोडलं, आता हे मिंटमधूनच लिहितेय. पाहुण्यांना जेवायला वाढून मगच बसले हो तात्या.

तात्या_तारकर्ली

मग देव पावलो. पुढे कधी अपडेटमध्ये नवीन कर्नल आला तर ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो, सही तीच चालते. एखाद्या वेळी नाही बांधला गेला तर मशीन चालू होताना ग्रबच्या यादीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल असतो. त्यातून शिरायचं, वायफाय तिथे असेल, मग इथे लिहायचं.

घड्याळाचं: विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. आपला फरक साडेपाच तासांचा, तोच तुम्हाला दिसतोय. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या. नंतर नुसतं टाइमडेटसीटीएल दिलंत तर इशारा दाखवेल, दुर्लक्ष करा. विंडोजमध्ये एकदा वेळ नीट लावून घ्या.

डी ड्राइव्ह: विंडोज बंद केलं तरी खरं बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धं झोपतं आणि ड्राइव्ह धरून ठेवतं. मिंट अशा ड्राइव्हवर लिहीत नाही ते बरंच करतं, जबरदस्तीने लिहिलं तर फाइली बिघडतील. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा, मग शट डाउन करा.

प्रिंटर मास्तरांकडे सोपवतो. मी छापत नाही, लोक माझ्याकडे छापलेलं घेऊन येतात.

दापोली_मास्तर

१०२० आमच्या शाळेच्या ऑफिसातही आहे, म्हणून तपशिलात सांगतो. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्राम) कायमचं राहत नाही. दर वेळी चालू झाला की संगणकाने ते भरवावं लागतं, तोवर आलेला कागदपत्राचा मजकूर तो गिळून गप्प बसतो. मिंटमध्ये एचपीएलआयपी (एचपी प्रिंटरचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) असतंच, पण हे फर्मवेअर त्यात नाही, ते प्लगइनमध्ये येतं.

आता नेट आहे, तर टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन लिहा. विचारेल तिथे डाउनलोड निवडा, अटी मान्य करा. मग एचपी-सेटअप -आय देऊन प्रिंटर नव्याने जोडा, आधीचा यादीतून काढून टाका. कुठे फू२झेडजेएस हा दुसरा ड्रायव्हर वापरा असं वाचाल, तोही मार्ग आहे, पण दोन्ही एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात. एचपीएलआयपीची आवृत्ती अपडेटमध्ये बदलली तर प्लगइनही त्याच आवृत्तीचं पुन्हा घ्यावं लागतं.

आपल्याकडची खास गोष्ट: लाईट गेली की प्रिंटरमधलं फर्मवेअर गेलं. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, त्याला वाटतं प्रिंटर तयार आहे. लाईट आल्यावर छपाई झाली नाही तर प्रिंटरची यूएसबी काढून परत लावा, फर्मवेअर पुन्हा जातं. आमच्या शिपाईमामांना मी एवढंच शिकवलं आहे, बाकी लिनक्स त्यांना माहीत नाही आणि गरजही नाही.

मराठीसाठी: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट, तिथे भारताच्या यादीत मराठी कागापा फोनेटिक आहे. इंग्रजी अक्षराच्या उच्चाराप्रमाणे बसवलेला आहे, हात चटकन बसतो. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तोच घ्या, तो जास्त वेगवान. पण जुनी बिलं सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर ती मिंटमध्ये एबीसीडीची खिचडी दिसतील. तो फाँट होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/फाँट्स इथे टाकला की वाचता आणि छापता येतील. त्यात नवीन भर घालायची तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. नवीन बिलं पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा, मोबाइलवर पाठवलीत तरी समोरच्याला दिसतील.

पडवी_वेळणेश्वर

मास्तर, छापलं! पहिलं बिल मराठीत, "दोन दिवस, चार माणसं, उकडीचे मोदक वेगळे." कागापामध्ये "ळ" सापडायला वेळ लागला, आणि वेळणेश्वरात राहून "ळ" शिवाय भागत नाही. घड्याळ आणि डी ड्राइव्हचं आज रात्री करते, यजमान हिशेबावरून उठले की.

जुनी बिलं सुरेखमध्येच आहेत. युनिकोडमध्ये बदलायला नेटवर बरेच कन्व्हर्टर दिसतायत. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर असलेला मजकूर असा कुठल्याही साइटवर चिकटवावा का?

दापोली_मास्तर

चिकटवू नका. काही कन्व्हर्टर म्हणजे नुसतं एक एचटीएमएल पान असतं. ते पान सेव्ह करून ठेवायचं, नेट तोडायचं आणि मग ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. तरीही बदलत असेल तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. आधी एक जुनं बिल त्यातून काढून बघा. रफार आणि पहिली वेलांटी कुठे जाते ते तपासा, गडबड बहुधा तिथेच होते.