मुळा-मुठा: आधी काठ की आधी पाणी?

मुठाकाठ: पुणे पालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प सुमारे ४४ किलोमीटरचा. मुळा, मुठा आणि संगमाखालची मुळा-मुठा, सगळं त्यात आलं. मला तो उलटा वाटतो. एप्रिल-मे महिन्यात संगमाजवळ उभं राहून बघा. तेव्हा नदीत वाहतं ते बहुतेक आपल्याच मोरीतलं आणि संडासातलं पाणी. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची, जायका या जपानी संस्थेच्या अर्थसाहाय्याची योजना २०१६ पासूनची आहे. आधी ती पूर्ण करा, मग घाट बांधा.

औंधकर: अजिबात पटलं नाही. लोकांनी नदीकडे पाठ फिरवली, म्हणूनच तिचा नाला झाला. आमच्या सोसायटीमागे नदीपर्यंत जायला वाटच नाही. रात्री डंपर येतात, राडारोडा ओतून जातात, बघायला कुणी नसतं. साबरमतीचा काठ झाल्यावर माणसं तिथे जायला लागलीच ना?

मुठाकाठ: साबरमतीच्या त्या पट्ट्यात नर्मदा कालव्याचं पाणी आहे. आपण कुठून आणणार? खडकवासल्याचं पाणी शहराला आणि दौंड-इंदापूरच्या शेतीलाच पुरत नाही.

सिंहगड रोड: तुम्ही दोघं पुराबद्दल बोलतच नाही. २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी शिरलं, तिथे माझी मावशी तळमजल्यावर राहते. पाणी ओसरल्यावर आम्ही तांदळाचा डबा उघडला, तर वरपर्यंत काळा गाळ आणि ड्रेनेजचा वास. वर्षाची साठवण फेकून दिली. काठावर भराव टाकून नदीचं पात्र वीतभरही आवळू नका, हात जोडून सांगते.

मुठाकाठ: ताई, अगदी खरं. आणि औंधकर, पाषाण तलाव बघा. काठाने पायवाट झाली, पक्षी बघायला लोक येतात. पण रामनदीतून मैलापाणी येतंच आहे. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आयतं खत. काढली की पुन्हा माजते.

औंधकर: पण त्या जलपर्णीविरुद्ध ओरडतं कोण? तिथे रोज फिरायला येणारी माणसंच. वाट नसती तर तलाव कधीच बुजला असता. भरावाबद्दल मात्र ताईंचं मान्य. पूररेषेच्या आत काँक्रीट नको, मातीची पायवाट पुरे.

मुठाकाठ: मातीची वाट असेल तर माझी हरकत नाही. पण प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी फलक लावा आणि दर आठवड्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात तो आकडा, त्यावर लिहा. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. फिरायला येणाऱ्याला आकडा समोर दिसू दे.