उंची वाढत नाही म्हणून गेलो तर लिव्हरची टेस्ट का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मुलगा ११ वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यात बुटका, दोन वर्षं झाली तरी पॅन्टी आखूड होत नाहीयेत म्हणून शेवटी डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं ग्रोथ हार्मोन मोजतील नि विषय संपेल, पण त्यांनी आयजीएफ-१ (वाढीशी संबंधित दुसऱ्या एका हार्मोनची रक्ततपासणी) लिहून दिलं, डाव्या हाताचा एक्स-रे आणि वर लिव्हर फंक्शन टेस्ट. आयजीएफ-१ कमी आलंय, लिव्हरचा रिपोर्ट यायचाय. ग्रोथ हार्मोन तर पिट्युटरीतून (मेंदूखालच्या ग्रंथीतून) येतं ना, मग मधेच लिव्हर कुठून आलं? काही लपवत तर नाहीयेत ना डॉक्टर? डोक्याला नुसता भुंगा लागलाय.

उत्तर १: लपवत नाहीयेत हो. पिट्युटरी ग्रोथ हार्मोनच्या रूपात फक्त ऑर्डर सोडते, ती लिव्हरला पोचली की लिव्हर आयजीएफ-१ बनवतं, रक्तातलं साधारण पाऊण आयजीएफ-१ तिथलंच. ग्रोथ हार्मोन थांबून थांबून सुटतं, जास्त करून रात्री गाढ झोपेत, आणि वीसेक मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे दिवसा एकदा रक्त काढून काहीच कळत नाही. आयजीएफ-१ दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं म्हणून ते मोजतात. पण ते कमी म्हणजे ग्रोथ हार्मोनच कमी असं लगेच धरू नका. पोषण कमी पडलं, थायरॉइड कमी असलं किंवा लिव्हरच आजारी असलं तर ऑर्डर येऊनही माल निघत नाही. लॅरॉन सिंड्रोम या आजारात तर ती ऑर्डर घेणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो, ग्रोथ हार्मोन भरपूर नि आयजीएफ-१ तळाला, पण ते फारच दुर्मिळ. एक्स-रे हाडांचं वय बघायला, म्हणजे हाडं वयाच्या मानाने किती वाढलीत ते.

उत्तर २: एक भर घालतो, सगळं लिव्हरवरच नसतं. १९९९ मध्ये उंदरांच्या फक्त लिव्हरमधलं आयजीएफ-१ बंद करून बघितलं, रक्तातली पातळी खूप उतरली तरी उंदीर जवळपास नेहमीसारखेच वाढले, कारण हाडं स्वतःही ते बनवतात. त्यामुळे एका आकड्यावर रात्र जागवू नका.

मूळ धागाकर्ती: थँक्यू दोघांना! लिव्हर नॉर्मल आलं आत्ताच. पण उत्तर १ वाचून आठवलं, वर्षभर त्याचं पोट सारखं बिघडतंय, जेमतेम अर्धं जेवतो, आणि हे मी डॉक्टरांना बोललेच नाही, उंचीच्या नादात. सांगायला हवं का?

उत्तर १: अहो, तेच आधी सांगा! सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार) तपासणी करायची का तेही विचारा, आणि शाळेतल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी असतील तर घेऊन जा.